घोड्याची पाठ आणि स्वाराचे यश : मराठा अश्वदळातील खोगीर, खरारा व मालीश यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचा विचार करताना त्यांच्या घोडदळाच्या वेगाचा उल्लेख केल्याशिवाय कोणताही अभ्यासक पुढे जात नाही. गनिमी कावा, अवजड तोफखान्याविना होणाऱ्या दौडी, शत्रूला थांग लागण्यापूर्वी शेकडो मैलांचा पल्ला गाठणारी पथके यांचे वर्णन बखरींपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वत्र आढळते. या वर्णनांत तलवार, भाला आणि स्वार यांना मानाचे स्थान मिळाले आहे. घोड्याच्या जातिवंतपणाचीही चर्चा झाली आहे. परंतु आठ-आठ महिने मुलुखगिरीवर असलेल्या घोड्याची पाठ शाबूत कशी राहत होती, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला गेला. वस्तुतः पाठीला जखम झालेला घोडा कितीही जातिवंत असला तरी तो लष्कराच्या दृष्टीने निरुपयोगीच होय. असा घोडा पुन्हा कामाला येण्यास अनेक आठवडे लागतात आणि तोपर्यंत त्याचा स्वार पायदळातच जमा होतो.

या उपेक्षेची एक गमतीदार खूण आपल्या भाषेतच सापडते. निरुपयोगी, केवळ जागा भरून काढणाऱ्या मजकुराला वा माणसांना आपण 'खोगीरभरती' म्हणतो. खोगिरात कापूस, लोकर, चिंध्या असे जे काही भरले जाते ते टाकाऊ असते, या समजातून हा शब्दप्रयोग रूढ झाला. भरतीचा माल टाकाऊ असेलही. पण भरतीचे काम टाकाऊ नव्हते. स्वाराचे वजन घोड्याच्या कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर सारखे वाटले जावे, ही जबाबदारी नेमकी त्या भरतीचीच होती. प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय हाच आहे. मराठा अश्वदळाच्या हालचालींमागे घोड्याच्या शरीराची दैनंदिन देखभाल आणि त्याच्या अंगाला बसणारे सामान यांचा वाटा किती होता, याचा येथे विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) भारतीय अश्वपरंपरेत घोड्याच्या देहसुखाचा विचार कसा झाला होता, हे थोडक्यात पाहणे. (२) शिवकालीन व पेशवेकालीन पागेच्या व्यवस्थेत या विचाराला मिळालेले स्थान तपासणे. (३) खोगीर, खरारा आणि मालीश यांचे कार्य शरीररचनेच्या दृष्टीने समजून घेणे. (४) ही व्यवस्था कोलमडली असता काय घडते, हे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे दाखवणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. बखर वाङ्मय, शिवकालीन पत्रव्यवहार, संस्कृत व फारसी ग्रंथ, युरोपीय लेखकांची निरीक्षणे यांसोबतच मराठी शब्दसंपत्ती हेही एक साधन म्हणून वापरले आहे. ज्या कारागिरांनी आणि चाकरांनी हे काम केले त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिले नाहीत. मात्र त्यांचे शब्द भाषेत राहिले आहेत.

घोड्याच्या पाठीचे शास्त्र

घोड्याची पाठ ओझे वाहण्यासाठी निसर्गतः घडलेली नाही. पाठीचा कणा हा पुढच्या व मागच्या पायांच्या आधारावर तोललेल्या पुलासारखा असतो. कण्याच्या मणक्यांचे वरचे टोक त्वचेच्या अगदी जवळ असते. मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो तेथे तर हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाचा थर फारच पातळ असतो. खोगीर या उंचवट्यावर किंवा कण्यावर टेकले तर त्या जागेचा रक्तपुरवठा दबतो. दाब तासन्‌तास राहिला की तेथील त्वचा व स्नायू मरू लागतात आणि खोगीर उतरवल्यावर काही वेळाने सूज वर येते. घर्षणाने होणारी जखम वरून दिसते. दाबाने होणारी जखम मात्र आतून सुरू होते. म्हणूनच ती वेळीच ओळखण्यासाठी डोळ्यांपेक्षा हात अधिक उपयोगी पडतो.

यात आणखी एक अडचण असते. घोड्याचे शरीर स्थिर नसते. मोहिमेच्या आरंभी चांगल्या चंदीवर पोसलेला घोडा दोन महिन्यांच्या दौडीनंतर रोडावतो. त्याच्या पाठीवरचे मांस उतरते, कणा वर येतो आणि आरंभी अगदी नेमके बसलेले खोगीरही आता हाडांवर टेकू लागते. तात्पर्य, चांगले खोगीर एकदाच घडवून भागत नाही. घोड्याच्या बदलत्या शरीरासोबत तेही बदलावे लागते. तंग सैल राहिला तर खोगीर सरकून पाठ सोलते आणि फार आवळला तर छाती आखडते व तंगाखालची कातडी सोलते. दुखणारा घोडा पाठ ताठ करतो, पाऊल आखूड टाकतो, खोगीर दिसताच कान मागे पाडतो किंवा अंग चोरतो. अशा घोड्याला अनेकदा 'अडेल' ठरवून चाबकाचा प्रसाद दिला जातो. घोडे अडण्याचे कारण घोड्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी ते त्याच्या खोगिराखाली शोधावे, हा अनुभवी चाबुकस्वारांचा नियम याच शास्त्रावर आधारलेला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा

घोड्याच्या देहसुखाचा विचार भारतात प्राचीन काळापासून झालेला दिसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात घोड्यांची नोंद, तबेल्याची रचना, खाद्याचे प्रमाण यांबरोबरच दिवसातून दोनदा स्नान घालण्याची सूचना आहे. उपचारातील चुकीमुळे आजार वाढल्यास वैद्यावर दंडाची तरतूदही त्यात आढळते. शालिहोत्र या नावाशी जोडलेली अश्ववैद्यकाची परंपरा तर इतकी रुजली की, पुढे उत्तर हिंदुस्थानात घोड्यांच्या वैद्याला 'सलोत्री' हेच नाव पडले. नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र व जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथही याच परंपरेतील होत. दख्खनपुरते बोलायचे तर कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात घोड्यांची पारख, त्यांचे शिक्षण आणि 'वाजिवाह्याली' हा घोड्यावरील खेळ यांचे विवेचन आहे.

मुघल काळात ही व्यवस्था अधिक विभागलेली दिसते. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'मध्ये बादशाही तबेल्यातील चाकरांची जी यादी आहे तीत साजाची व्यवस्था पाहणारा आख्ताची, जिनांची निगा राखणारा जीनदार, घोड्यांना चाल शिकवणारा चाबुकस्वार, घोड्यांचा वैद्य बैतार, नालबंद, पाणी वाहणारा आबकश यांची स्वतंत्र पदे नमूद आहेत. दोन घोड्यांमागे एक सईस असे प्रमाणही त्यात दिले आहे. घोड्याची दृष्ट काढण्यासाठी विशिष्ट बिया जाळणारा सिपंदसोजसुद्धा या यादीत आहे. जिनाची निगा हे स्वतंत्र पद मानले जावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हा विचार केवळ भारतापुरता मर्यादित नव्हता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात खरारा करण्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही अवजार लावू नये, तेथील केस हातानेच, ते ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने चोळून बसवावेत, म्हणजे स्वाराच्या बसण्याच्या जागेला इजा होणार नाही, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. इतक्या दूरच्या काळात व देशात पाठीसाठी हातच योग्य ठरवला गेला, यावरून हा नियम एखाद्या देशाच्या रूढीपेक्षा घोड्याच्या शरीरानेच शिकवलेला असावा, असे म्हणता येते.

शिवकालीन पागेची व्यवस्था

छत्रपती शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे बारगीर व शिलेदार असे दोन विभाग होते, हे सर्वश्रुत आहे. बारगिराला घोडा व सामान सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि पुढे जुमलेदार, हजारी, पंचहजारी अशी चढती रचना होती. या रचनेतील एका तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला असे. म्हणजे खुराची निगा आणि पाणी या दोन गोष्टी सेनापतीच्या मर्जीवर किंवा वाटेत भेटणाऱ्या गावावर सोडलेल्या नव्हत्या. त्या लष्कराच्या सर्वांत लहान तुकडीच्या रचनेतच बसवल्या होत्या.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पावसाळी छावणीची. सभासद बखरीतील वर्णनाप्रमाणे पावसाळ्यात लष्कर स्वदेशी परत येई. त्यापूर्वीच दाणा, वैरण, औषधे यांचा साठा केलेला असे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेले आडोसे तयार ठेवले जात. दसऱ्यानंतर लष्कर पुन्हा बाहेर पडे. या विश्रांतीकडे केवळ हवामानाची अपरिहार्यता म्हणून पाहणे अपुरे आहे. पाठीवरच्या मुक्या मारावर आणि रोडावलेल्या स्नायूंवर विश्रांती व आहार यांखेरीज दुसरा खात्रीचा उपाय नाही. वर्षातील चार महिन्यांची छावणी म्हणजे संपूर्ण अश्वदळाला सक्तीने दिलेली शुश्रूषेची मुदत होती.

या संदर्भात चिपळूणजवळील हलवर्ण येथे मुक्कामास असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना १६७३-७४ च्या सुमारास महाराजांनी पाठवलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आज्ञेसाठी ते नेहमी उद्धृत केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांविषयी आहे, हे विसरून चालणार नाही. साठवलेला दाणा व गवत आताच बेहिशेबी उधळले तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे. स्वयंपाकाच्या चुली, तंबाखूचा विस्तव, रात्री जळता ठेवलेला दिवा आणि त्याची वात ओढून नेणारा उंदीर यांमुळे गवताच्या गंजी पेटतील, अशी भीतीही व्यक्त केली आहे. एका राज्यकर्त्याने उंदरापर्यंत विचार करावा, यातच पागेचे मर्म आहे. घोड्याची आबाळ झाली की लष्कर रयतेच्या शेतात शिरते. म्हणजे घोड्याची देखभाल हा राज्यकारभाराच्या नीतीचाही प्रश्न होता, हे या पत्रावरून दिसून येते.

खोगीर : रचना आणि कारागीर

मराठा स्वाराच्या सामानाची नावे पाहिली तर त्यांचे मूळ बहुतांशी फारसी असल्याचे आढळते. खोगीर, जीन, तंग, रिकीब, लगाम, दुमची, चारजामा, नमदा हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते परके वाटत नाहीत. त्यांपैकी खोगीर म्हणजे मुख्यतः घोड्याच्या पाठीवर येणारा जाड, भरलेला गादीसारखा भाग. लाकडी सांगाड्याच्या जड जिनाऐवजी भरलेल्या खोगिरावर किंवा चारजाम्यावर बसणे हे हलक्या घोडदळाला सोयीचे होते. वजन कमी होई, भीमथडीसारख्या आटोपशीर बांध्याच्या घोड्याला ते मानवे आणि रात्री तेच सामान स्वाराला उशाला घेता येई.

परंतु अशा खोगिराचा खरा गुण त्याच्या दुरुस्तीच्या सोयीत होता. लाकडी सांगाडा ज्या घोड्याच्या मापाने घडवला त्यालाच तो नीट बसतो. भरलेल्या खोगिराची मात्र शिवण उसवून भरती सरकवता येते, एका बाजूला वाढवता येते, कण्याच्या जागी मोकळी सरी राखता येते. घोडा रोडावला तर खाली नमद्याची घडी घालता येते. एखाद्या ठिकाणी सूज आली तर त्या जागेपुरता दाब काढून टाकता येतो. सुई, दोरा आणि मूठभर लोकर एवढ्या साहित्यात हे काम छावणीतच होऊ शकते. अर्थात, या लवचीकपणाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. भरती घामाने दबते, तिच्या गाठी होतात, आणि गाठ झालेली भरती दगडासारखी टोचते. म्हणून खोगीर वेळोवेळी उन्हात वाळवणे, झोडपणे व पुन्हा भरणे आवश्यक असे. जो हे टाळतो त्याची भरती खरोखरच 'खोगीरभरती' ठरते.

हे काम करणारे कारागीर म्हणजे जिनगर. 'जीन घडवणारा' हा अर्थ त्या नावातच आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जिनगर समाजाची वस्ती होती व आहे. घोडदळाचा काळ संपल्यानंतर या समाजातील अनेकांनी धातुकाम, चित्रकाम, मूर्तिकाम अशा कलांत नाव मिळवले. कातडे, कापड, लाकूड आणि धातू या चारही माध्यमांवरील हुकमत जिनाच्या धंद्याला लागतच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे आश्चर्य वाटत नाही. पागेचा हिशेब ठेवणाऱ्या पागनीसाचे नाव आडनावात टिकले, नालबंदाचे टिकले, शिलेदाराचे तर अभिमानाने टिकले. भाषेने जपलेली ही आडनावे म्हणजे एका मोडलेल्या व्यवस्थेची हजेरीपटेच होत.

खरारा आणि मालीश : हातांचे काम

घोड्याची प्रत्यक्ष चाकरी करणाऱ्याला मराठीत मोतद्दार म्हणत. घोडा फिरवून थंड करणे, घाम पुसणे, खरारा करणे, अंग चोळणे, चंदी देणे, अगाडी-पिछाडी बांधणे ही त्याची रोजची कामे. दौडीवरून आलेल्या घोड्याचे खोगीर एकदम न काढता आधी तंग सैल करून त्याला थोडे चालवावे, पाठीत रक्त हळूहळू खेळू द्यावे आणि मग खोगीर उतरवून पाठ हाताने चोळावी, ही जाणत्यांची रीत आहे. दाबलेल्या भागात रक्त एकदम परतले की सूज येते, हे त्यामागील कारण होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या छावण्या पाहिलेल्या युरोपीय लेखकांच्या लक्षात जी गोष्ट आली ती म्हणजे घोड्याचे अंग हातांनी चोळण्या-मळण्याची ही पद्धत. त्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द 'शाम्पू' हा होता. आज हा शब्द ऐकून आपल्याला केस धुण्याचे द्रव्य आठवते. परंतु हिंदुस्थानी 'चांपना' या क्रियापदावरून इंग्रजीत गेलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ अंग चेपणे, मालीश करणे हाच आहे. मराठीतील 'चंपी' आणि 'चेपणे' ही त्याचीच भावंडे म्हणता येतील. अर्थात, मोतद्दाराच्या हातचे जे काम इतिहासग्रंथांत नोंदले गेले नाही ते एका जगप्रसिद्ध शब्दाच्या पोटात लपून राहिले आहे.

या मालिशीचे दोन उपयोग होते. पहिला उघड आहे. चोळण्यामुळे थकलेल्या स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, त्वचा मोकळी होते व घोडा शांत होतो. दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा, पण सहसा दुर्लक्षित राहणारा आहे. रोज संध्याकाळी घोड्याच्या सर्वांगावरून फिरणारा हात हा एक तपासनीस असतो. कुठे ऊब लागते, कुठे दाबल्यावर घोडा अंग चोरतो, कोणत्या जागचे केस उलटे घासले गेले आहेत, हे त्या हाताला डोळ्यांआधी कळते. सूज सुपारीएवढी असताना सापडली तर खोगिराची भरती सरकवून दुसऱ्या दिवशी घोडा चालता ठेवता येतो. ती मुठीएवढी झाल्यावर सापडली तर घोडा महिनाभर कामातून जातो. म्हणून खरारा, मालीश आणि खोगीर ही तीन वेगळी कामे नसून एकाच कामाचे तीन टप्पे आहेत, असे म्हणावे लागेल. हाताने दोष शोधायचा, सुईने तो दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातानेच खात्री करायची.

शिलेदाराच्या बाबतीत तर या कामात त्याचे सर्वस्व गुंतलेले होते. घोडा हेच त्याचे भांडवल होते. घोडा गेला की शिलेदाराला बारगीर म्हणून दुसऱ्याच्या घोड्यावर बसण्याची वेळ येई. त्यामुळे घोड्याविषयीची त्याची काळजी ममतेइतकीच पोटापाण्याची होती. शिलेदार घोडा वाचवण्यासाठी लढाईत हात राखून असतात, अशी टीका काही समकालीनांनी केली आहे. तीत तथ्य असले तरी त्याच हितसंबंधामुळे मराठा घोडा दीर्घकाळ कामात राहिला, ही बाजूही विचारात घेणे न्याय्य ठरेल.

व्यवस्था कोलमडते तेव्हा

पानिपतचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठा लष्कर पानिपत येथे अडकून पडले होते. रसद तुटली, चारा मिळेनासा झाला, जनावरे उपाशी मरू लागली. मराठ्यांच्या युद्धपद्धतीचा सारा भर घोड्याच्या हालचालीवर होता. तोच घोडा खंगल्यावर लढाईच्या दिवशी पराक्रमाला साथ देणारे पाय उरले नाहीत. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि त्यांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. हलवर्णच्या पत्रात वर्तवलेली भीती नव्वदेक वर्षांनी दूरच्या प्रदेशात कितीतरी मोठ्या प्रमाणावर खरी ठरली, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

औद्योगिक युगातील सैन्येही या बाबतीत शहाणी नव्हती, हे तुलनेसाठी पाहता येईल. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैन्याचे तीन लाखांहून अधिक घोडे कामी आले आणि त्यांतील फार थोडे शत्रूच्या गोळीने मेले. लांबच्या समुद्रप्रवासानंतर विश्रांती न देता जुंपणे, अपुरा दाणा, जड ओझे आणि तासन्‌तास न उतरवलेली खोगिरे ही त्यामागची कारणे होती. या हानीचा सविस्तर इतिहास लिहिणारे लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी युद्धापूर्वीच, १८९१ मध्ये, खोगिरे आणि पाठीच्या जखमा या विषयावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले होते. ज्ञान उपलब्ध होते. ते राबवणारे हात आणि शिस्त अपुरी होती. पुढे १९१२ मध्ये ब्रिटिश लष्कराने जे खोगीर स्वीकारले त्यात बाजूच्या फळ्या पोलादी कमानींना फिरत्या सांध्यांनी जोडल्या होत्या. घोडा रोडावला तरी फळ्या त्याच्या पाठीच्या उतारानुसार बसाव्यात, हा त्यामागील हेतू. जिनगर ज्या अडचणीवर सुई-दोऱ्याने तोडगा काढत असे, त्याच अडचणीवर हा पोलादी तोडगा होता.

व्यवस्थेचे अवशेष आणि आजची स्थिती

मराठेशाहीच्या अस्तानंतर शिलेदारीची कल्पना नष्ट झाली नाही. १८१७ च्या पुणे तहानंतर उभारलेल्या पूना हॉर्ससारख्या पथकांतून व हिंदी घोडदळाच्या अनेक पलटणींतून 'सिलेदार' पद्धत चालू राहिली. स्वाराने घोडा व सामानाचा भार स्वतः उचलावा, हे तिचे सूत्र होते. पहिल्या महायुद्धाच्या मोठ्या हानीत ही पद्धत टिकाव धरू शकली नाही आणि १९२१ च्या सुमारास ती बंद झाली. त्याबरोबर पागा, मोतद्दार आणि जिनगर यांची परस्परांशी असलेली सांगडही तुटली.

आज महाराष्ट्रात घोडा उरला आहे तो मुख्यतः शर्यती, वराती, पर्यटन आणि यात्रा यांत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा व नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेत. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानला घोडा हेच दीर्घकाळ वाहन राहिले; डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या. पर्यटनस्थळी दिवसातून अनेक वेगवेगळ्या वजनांचे व बैठकीचे स्वार पाठीवर घेणाऱ्या घोड्याला नीट बसणाऱ्या खोगिराची गरज मुलुखगिरीवरील घोड्याइतकीच आहे. तेथील घोडेवाल्याची स्थितीही जुन्या शिलेदाराहून फार वेगळी नाही. घोडा हेच त्याचे भांडवल आहे. म्हणून त्याला केवळ दोष देण्यापेक्षा खोगीर दुरुस्त करणारा कारागीर आणि पाठ तपासणारा जाणकार त्याच्या आवाक्यात आणणे अधिक उपयुक्त ठरेल.

भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याला जानेवारी २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंदणी मिळाली, ही समाधानाची बाब आहे. मात्र वंश जपणे आणि त्या वंशाला सांभाळणारी कला जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परदेशांत आज दाब मोजणाऱ्या विद्युत-चटया खोगिराखाली घालून पाठीवरील भार तपासला जातो, घोड्यांच्या मालिशीचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते. आपल्याकडे हे ज्ञान हातांत होते. ते हात विखुरले.

निष्कर्ष

१. मराठा अश्वदळाच्या वेगाचे श्रेय केवळ घोड्याच्या जातीला वा स्वाराच्या धाडसाला देता येत नाही. दर पंचवीस घोड्यांमागे नालबंद व पखालजी, पावसाळी छावणी आणि दाणा-वैरणीचे नियोजन हे त्या वेगाचे पायाभूत घटक होते.

२. भरलेले खोगीर हे मागासलेल्या तंत्राचे लक्षण नसून घोड्याच्या बदलत्या शरीराप्रमाणे छावणीतच दुरुस्त करता येणारे सोयीचे साधन होते. त्याची उपयुक्तता सतत देखभालीवर अवलंबून होती.

३. खरारा व मालीश यांचे कार्य आराम देण्यापुरते मर्यादित नव्हते. दाबाच्या जखमा वेळीच ओळखण्याची ती दैनंदिन तपासणी होती.

४. घोड्याची निगा हा शिवकालीन दृष्टिकोनात लष्करी तसाच रयतेच्या हिताचा प्रश्न होता.

५. पानिपत व बोअर युद्ध या दोन्ही उदाहरणांत घोड्याच्या देखभालीची व्यवस्था तुटल्याचे परिणाम शत्रूच्या शस्त्राइतकेच घातक ठरले.

समारोप

इतिहासात विजयाचे मानकरी ठरतात ते घोड्यावर बसलेले. घोड्याखाली वाकून तंग आवळणारा, त्याच्या पाठीवरून हात फिरवणारा आणि फाटक्या खोगिरात मूठभर लोकर नीट बसवणारा माणूस बखरीच्या पानावर येत नाही. मोतद्दार, जिनगर आणि नालबंद यांच्या कामाचा शोध घेणे म्हणजे मराठ्यांच्या पराक्रमाला उणेपणा आणणे नव्हे. तो पराक्रम कोणाच्या आधारावर उभा होता, हे समजून घेणे होय. पागेचे जमाखर्च, जिनगर कुटुंबांच्या आठवणी आणि जुन्या वाड्यांत धूळ खात पडलेली खोगिरे या साधनांचा या दृष्टीने अभ्यास होणे अगत्याचे आहे. तसा तो झाला तर 'खोगीरभरती' हा शब्द आपण पुन्हा उच्चारू, तेव्हा निदान क्षणभर थांबून विचार करू.